रपट्यावरचे दोन हॉर्न

१

पाण्यातून बाहेर काढलेली या पावसाळ्यातली ही सातवी गाडी. ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या लाल जीपकडे रत्नदीप थूलांनी एकदा पाहिलं आणि आधी बसायला काही मिळतं का ते शोधलं. मोटार वाहन निरीक्षक म्हणून त्यांची चौदा महिने नोकरी उरली होती. गुडघे आधीच निवृत्त झाले होते.

प्रकरण सरळ दिसत होतं. नऊ दिवसांपूर्वी, ऑगस्टच्या मध्यावर, रोहण्याच्या पुढच्या एका नाल्याला पूर आला. पलीकडच्या टोलीत, दहापाच घरांच्या वस्तीत, एक बाई बाळंतपणात अडली होती. आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका बुटकी, ती एवढ्या पाण्यात शिरेना. तेव्हा सचिन उमाटे नावाच्या तरुणानं स्वतःची फोर-बाय-फोर जीप देऊ केली. केंद्राचे ड्रायव्हर बापूराव, नर्स आकांक्षा आणि सचिन असे तिघं निघाले. नाल्यावरचा रपटा, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल, साडेतीन फूट पाण्याखाली होता. मधोमध गाडी बंद पडली आणि वाहून गेली. सचिन आणि आकांक्षा अलीकडच्या काठाच्या झुडपांत अडकून वाचले. बापूराव दुसऱ्या दिवशी दोन किलोमीटर खाली सापडले.

वाचलेल्या दोघांचा जबाब एकच होता. गाडी बापूराव चालवत होते.

"गाडीत यांत्रिक दोष नव्हता, एवढं लिहून द्या सर," ठाणेदार म्हणाले. "संध्याकाळपर्यंत मिळालं तर बरं."

दोष गाडीचा नाही म्हटलं की तो आपोआप मेलेल्या ड्रायव्हरचा होतो. थूलांनी अशा ओळी आयुष्यभर लिहिल्या होत्या. त्यांनी बॉनेट उघडलं. एअर फिल्टर चिखलानं लदबदलेला. पंख्याची पाती पुढं वाकून रेडिएटरमध्ये रुतलेली. आत बसून त्यांनी गिअर पाहिला. तिसरा. शेजारची चारचाकी ओढीची दांडी 'हाय'वर.

एवढ्या पाण्यात दांडी 'लो'वर टाकतात. गाडी माणसाच्या चालीनं जाते, नाकापुढं लाट ढकलत राहते आणि त्या लाटेच्या मागं इंजिनापाशी पाणी कमीच राहतं. ही गाडी मात्र पाण्यावर धावून गेली होती. समोरच्या हुकाला नारिंगी दोराचा सातआठ हात तुकडा अडकलेला होता, टोक पिंजलेलं.

फाटकापाशी एक मुलगी बराच वेळ उभी होती. थूल उतरले तशी जवळ आली.

"जयभीम साहेब. मी काजल. बापूरावची पोरगी."

"जयभीम. बोल."

"तुमी लिहाच्या आधी दोन गोष्टी आयका. बाबाच्या चपला अलीकडच्या काठावर होत्या. दगडाखाली नीट ठेवलेल्या, त्यात चष्मा. अन् त्यायच्या दोन्ही तळहाताची कातडी निघेल होती. अंघोळ घालताना मी पाह्यलं. स्टेरिंग धरून कातडी जाते का साहेब?"

थूलांनी लिहायला काढलेला पेन खिशात परत ठेवला. ते त्यांना मुळीच करायचं नव्हतं.

२

सचिनचं घर पिपरी मेघ्यात होतं, नव्या ले-आउटमध्ये. वय सत्तावीस, उंचापुरा, कपाळावर टाके. पाण्यातून, चिखलातून गाडी नेण्याचा त्याला नाद होता. भिंतीवर फोटो होते, प्रत्येक फोटोत लाल जीप आणि दोन्ही बाजूंनी उडालेलं पाणी.

"गाडी तुमची, मग स्टेअरिंगवर बापूराव कसे?" थूलांनी विचारलं.

"त्यायले पाणी मालूम होतं ना. चोवीस वर्षं जाऊन राह्यले तिथून. मी म्हटलं, काका, तुमीच घ्या. काका बोल्ले, कितीदा गेलो, काई होत नाई. अन् घातली."

"चपला काठावर कशा राहिल्या?"

"चिखल होता पायाले. अनवाणीच बसले ते."

"चष्मा?"

"पावसात त्यायले दिसे नाई चष्म्यातून. पुसत होते, मंग ठेवून देल्ला."

"दांडी हायवर होती. इतक्या पाण्यात."

"नवी गाडी, साहेब. त्यायचा हात जुन्या सरकारी जीपवर बसेल. मी सांगतलं होतं, पण बुढ्या माणसाले किती सांगाव."

"आणि समोरच्या हुकाला दोर?"

"तो मी लावूनच ठेवतो. फोटोत चांगला दिसते."

प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. आई आतून चहा घेऊन आली. तिनं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, "वाचला बापा," म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

थूल उठताना म्हणाले, "बापूरावांचे तळहात सोलले होते."

"झाडाले धरून राह्यले असतीन," सचिन लगेच म्हणाला. मग थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, त्यानं पुढं जोडलं, "मी नाई पाह्यलं. मी त्यायच्या बाजूलेच बसेल होतो, पण नाई पाह्यलं."

३

आकांक्षा नालवाडीत आईकडे होती. डावा हात गळ्यात अडकवलेला. खाटेवर भिंतीला टेकून बसली होती आणि बोलताना सारखी दाराकडे पाहत होती.

"काका गाडी चालवत होते. मी मागच्या सीटवर होते. मी म्हटलं, पाणी जास्त आहे. काका म्हणाले, कितीदा गेलो, काही होत नाही."

तीच वाक्यं. थूलांनी कागदावर पाहिलं. जबाबातही तीच होती, शब्दाला शब्द.

"पाण्यात शिरल्यावर काय झालं?"

"आठवत नाही."

"बापूरावांना तुम्ही किती वर्षं ओळखता?"

"चार. लसीकरणाला रोज त्यांच्यासोबतच जायचे. माझा डबा रोज तेच धुवायचे. मी नको म्हणायचे."

ती उजव्या हातानं चादरीची कड गुंडाळत राहिली.

सचिनच्या जीपला छतापर्यंत जाणारी हवेची उंच नळी ज्यानं बसवली, त्या योगेंद्रचं गॅरेज तिथून दोन गल्ल्यांवर होतं. लोकांचा अर्धा संशय त्याच्यावर. तो गाडीखालून बाहेर आला तोच चिडलेला.

"नळीचा आतला जोड पक्का नाई बसला, हे मीनंच सांगतलं होतं त्याले. क्लिप नागपूरवरून येणार होती. तो बोल्ला, शनिवारी लागते गाडी. घेऊन गेला."

"मग पाणी त्या जोडातून शिरलं?"

"शिरलं तिथूनच. पण साहेब, तो जोड चाकाच्या वर आहे. हळूहळू नेली असती, तर तिथपर्यंत पाणी पोचलंच नसतं. रेस देल्ल्याशिवाय नाई होत हे." त्यानं हात पुसले. "बापूरावनं रेस देल्ली म्हणतेत? माह्या दुकानात ते जुनी जीप आणत. दहा वर्षांत त्या जीपच्या इंजिनात मले थेंब नाई सापडला पाण्याचा."

थूल बाहेर येऊन आपल्या मोटारसायकलवर बसून राहिले. घाबरला तर कसलेला माणूसही पाय दाबतो. सचिनचा वकील हेच म्हणेल, आणि त्यात खोटं काही नाही. एक साक्षीदार अजून उरला होता, आणि त्यानं तर बापूरावांना स्टेअरिंगवर डोळ्यांनी पाहिलं होतं.

४

नत्थूजींचं वावर नाल्याला लागून होतं. सत्तरीचा माणूस, खोटं बोलण्यात त्याचा काही फायदा नव्हता.

"पाह्यलं ना. बापूरावच होते स्टेरिंगवर. घाटीवरून खाली आणली त्यायनं गाडी, पाण्यापर्यंत. एकदम सावकाश."

"पाण्यात नेताना पाहिलं?"

"ते नाई. पाण्याजवळ थांबवली अन् खाली उतरले. मी इकडून हात केला, त्यायनं बी केला. मंग पाऊस वाढला तं मी खोपडीत गेलो."

"उतरले? जबाबात ते नाही."

"कोनी पुसलंच नाई. पोलिसानं पुसलं, स्टेरिंगवर कोन होतं? मी सांगतलं, बापूराव."

थूल बांधावर बसले. गुडघा दुखत होता, पण ते बसले ते त्यासाठी नव्हे.

"खोपडीत गेल्यावर किती वेळानं आरडाओरडा झाला?"

"अर्धा घंटा तरी झाला असन. पहिले हॉर्न वाजला. दोनदा, लांबलांब. मंग गाडी जोरात गरजली. अन् मंग काईच नाई. फक्त पाणी."

"हॉर्न नक्की?"

"मी म्हटलं, रस्त्यात कोनाची म्हैस आली का काय. पण तसल्या पुरात म्हैस बी नाई उतरत."

थूलांनी नाल्याकडे पाहिलं. पाणी आता गुडघाभर होतं. रपटा तीसेक पावलांचा, कडेचे दगड उखडलेले, त्यातून गंजलेल्या सळया वर आलेल्या. अर्धा तास गाडी काठावर उभी होती. तिघं घाईत होते, बाई अडली होती, तरी अर्धा तास. आणि नंतर रिकाम्या पाण्यात कुणीतरी हॉर्न वाजवला.

रिकाम्या पाण्यात हॉर्न कुणी वाजवत नाही. समोर माणूस असेल तरच वाजवतो.

त्यांनी बूट काढले, पँट वर दुमडली.

"कुठी चालले साहेब?" नत्थूजींनी विचारलं.

"पलीकडं."

५

पलीकडच्या काठावर, रस्त्याच्या अंगाला, हिवराचं जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्याला, जमिनीपासून हातभर उंचीवर, नारिंगी दोर बांधलेला होता. दोन वेढे आणि वर ओढ बसली की आवळत जाणारी गाठ. वेढ्यांखाली साल सोलून निघालेली. दोराचं दुसरं टोक काठावरच्या गवतात पडलं होतं, पिंजलेलं.

थूलांना आनंद वगैरे झाला नाही. आता काम वाढणार एवढंच मनात आलं, आणि मग त्याची लाज वाटली.

टोली तिथून अर्धा किलोमीटर, चढापलीकडे. जिची सून अडली होती त्या देवकाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. आत पाळण्यात बाळ कुरकुरत होतं.

"दोर? हाव, पाह्यला. त्याच दिवशी दिवे लावाच्या आधी मी नाल्यावर गेलती, नर्सबाई आली का पाहाले. झाडाले दोर बांधेल होता अन् त्याचं टोक पाण्यात आपटून राह्यलं होतं."

"तुमच्या गावातल्या कुणी बांधला?"

"आमच्याकडं असा दोर कोनाजवळ नाई. पोलिसाचा असन म्हणून कोनी हात नाई लावला."

"त्यानंतर कोणी पाण्यातून आलं, गेलं?"

"कसं येईन? तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. तंवर इकडचा इकडं, तिकडचा तिकडं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "बापूरावचं तवाच समजलं. माहे तिन्ही पोरं झाल्यावर त्यायच्याच गाडीत घरी आले, साहेब. दवाखान्यातून."

"सून बरी आहे?"

"बरी आहे. नात झाली. चार वाजता झाली, शेजारच्या आजीनं केलं सारं. फोन लावून राह्यलो होतो का आता नोका येऊ म्हणून. रेंजच नव्हती."

जबाबाप्रमाणे गाडी पाण्यात शिरली ती सव्वाचारला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणेदारांच्या खोलीत थूलांनी दोराचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. सचिन आणि आकांक्षा समोर बसली होती. दोघंही तुकड्यांकडे पाहत नव्हती.

"हा हुकावरचा," थूल म्हणाले. "हा पलीकडच्या हिवराचा. दोन्ही मिळून तीस मीटर भरतात, एकच दोर. पाणी उतरायच्या आधी, त्याच दिवशी संध्याकाळी तो झाडाला होता. तुम्ही दोघं अलीकडं निघालात. टोलीतलं कुणी बांधलेला नाही. पोलिसांनी गाडी अलीकडून ओढली, पलीकडं कुणी गेलंच नाही. मग बांधला कुणी?"

सचिन म्हणाला, "मले काय मालूम."

"जो माणूस गाडी पाण्यात शिरायच्या आधीच चालत पलीकडे पोचला होता, त्यानं. चपला आणि चष्मा काठावर ठेवून. बापूरावांनी गाडी खाली आणली, थांबवली, दोराचं टोक हुकाला लावलं, दुसरं घेऊन पाण्यातून चालत गेले. तळ कसा आहे, ओढ किती आहे ते पाहत. त्याला अर्धा तास लागला. ते परत येऊन स्वतःच गाडी नेणार होते. त्याआधी कुणीतरी स्टेअरिंगवर बसलं. लोमध्ये गाडी सरकत नाही असं वाटून दांडी हायवर घेतली. पलीकडच्या माणसाला बाजूला व्हायला दोनदा हॉर्न दिला. आणि फोटोत नेतात तशी गाडी पाण्यात घातली."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी पंक्चरची चौकशी करत होतं.

"उरले तळहात," थूल म्हणाले. "झाडाच्या फांदीनं ओरखडे येतात. दोराला लोंबकळून, हातावर हात टाकत, वाहत्या पाण्यातून गाडीपर्यंत जायचं म्हटलं तर कातडी सोलते. ते काठावर सुरक्षित होते, सचिन. तुमची गाडी बंद पडल्यावर ते पाण्यात उतरले."

सचिननं तोंड उघडलं, पण आधी आकांक्षा बोलली. आवाज अगदी बारीक होता.

"मीच म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतं?"

"चल म्हणून. काका तिकडं झाडाला दोर बांधत होते, हातानं थांबा म्हणत होते. मी म्हटलं, अजून किती वेळ, ती बाई जाईल. माझ्या हातून आधी एक गेलेली आहे, सर. मागच्या वर्षी, अशीच. मी सचिनला म्हटलं, तुला येते ना गाडी, मग चल."

सचिन खाली मान घालून बसला होता. त्याचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला.

"काका दोराला धरून आले," ती म्हणाली. "गाडी दोरावर थांबली होती. त्यांनी मला काचेतून ओढून टपावर घेतलं. मग याला काढलं. मग दोर तुटला."

"सळईवर घासून," थूल म्हणाले.

"दवाखान्यात हा माझ्या खाटेजवळ आला. म्हणाला, काका तर गेलेच, आता आपण दोघं कशाला. काय बोलायचं ते त्यानं सांगितलं. मी पाठ केलं."

"मी तिच्यासाठीच," सचिन म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "नाई. माह्यासाठी."

ठाणेदारांनी नवा कागद ओढला. थूलांनी आपल्या अहवालात चालकाच्या रकान्यात नाव लिहिलं आणि सही केली.

७

आकांक्षा स्वतःच म्हणाली की तिला काजलकडे जायचंय. ठाणेदारांनी परवानगी दिली. थूलांना घरी जाऊन झोपायचं होतं, पण तिचा एक हात गळ्यात होता आणि बसला दोन तास अवकाश होता. त्यांनी तिला मोटारसायकलवर मागं बसवलं.

काजल अंगणात कपडे वाळत घालत होती. आकांक्षानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हॉर्न, दोर, स्वतःचं 'चल'. काही गाळलं नाही. काजल हातातला ओला टॉवेल पिळत ऐकत राहिली, त्यातलं पाणी कधीच संपलं होतं.

"बाबा काई बोल्ले का?" तिनं शेवटी विचारलं.

"टपावर मी रडत होते. म्हणाले, ताई, पाण्याकडे नोका पाहू. माह्याकडे पाहा."

काजलनं टॉवेल दोरीवर टाकला. टोकं सारखी केली.

"दहा दिवस झाले, आई बोलत नाई," ती म्हणाली. "सारे म्हणतेत, तुह्या नवऱ्यानं नर्सले बुडवलं असतं. ती आयकून घेते. मी सांगतो तं तिले वाटते, पोरगी मनानं सांगून राह्यली." तिनं आकांक्षाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मी तुमाले माफ केलं असं नाई. पण हे आत जाऊन तुमीच सांगा तिले. जसं मले सांगतलं तसं."

आकांक्षा दारात घुटमळली आणि मग आत गेली.

थूल ओट्यावर बसले. आतून एकच आवाज येत होता, खालच्या पट्टीत, मधूनमधून थांबणारा. काजल भिंतीला टेकून उभी होती. बऱ्याच वेळानं तो आवाज थांबला. मग आतली बाई रडायला लागली, आधी दबक्या आवाजात, मग मोकळ्यानं, शेजारच्या घरांपर्यंत जाईल असं.

काजल जागची हलली नाही.

"रडू द्या," ती थूलांना म्हणाली, आणि तीही त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली.